‘अवगत भाषा’च्या रकान्यात न मावणारी माणसे

नोकरीच्या अर्जात ‘अवगत भाषा’ असा एक रकाना असतो. भामरागडचा एखादा पदवीधर तो कसा भरतो, हे पाहण्यासारखे असते. घरी तो माडिया बोलतो. आठवडी बाजारात आणि शाळेत मराठी. इंद्रावतीपलीकडच्या सोयऱ्यांशी बोलताना गोंडीची वेगळी धाटणी आणि मोडकीतोडकी हलबी. सिरोंच्याकडे कामाला गेला असेल तर तेलुगूही कानावरून जिभेवर आलेली असते. हिंदी तर गृहीतच. इतके सारे येत असूनही रकान्यात तो लिहितो : ‘मराठी, हिंदी, थोडी इंग्रजी’. त्या ‘थोडी’पाशी त्याचा हात अडखळतो, मुलाखतकाराचीही नजर तिथेच थांबते आणि ‘भाषा कच्ची आहे’ असा शेरा पडतो. उलट पुण्याच्या ज्या मुलाला मराठी आणि इंग्रजी एवढ्या दोनच भाषा येतात, तो मात्र ‘द्विभाषिक उमेदवार’ ठरतो आणि परदेशी नोकरीच्या रांगेत पुढे उभा राहतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की ही मोजणीच खोटी आहे. द्विभाषिकता हे कौशल्य आहे असे आपण म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात कौशल्य मोजतच नाही. दुसरी भाषा कोणाची आहे, ते मोजतो. मराठी आणि हिंदी या एकाच कुळातल्या बहिणी. गोंडी द्राविड कुळातली, तेलुगूच्या नात्यातली. माडिया आणि मराठी यांत ये-जा करणारे मूल दोन भाषाकुळांमधली दरी रोज ओलांडत असते. व्याकरणाच्या दृष्टीने ही कसरत लहान नाही. पण ती बिनपगारी आहे, म्हणून ती कोणाला दिसत नाही.

करिअर-मार्गदर्शनाच्या शिबिरांतून या मुलांना जो उपदेश केला जातो, तो सर्वांच्या परिचयाचा आहे : इंग्रजी सुधारा, एक परदेशी भाषा शिका, जग तुमची वाट पाहत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांची गोष्ट झाली आणि जर्मन भाषा शिकवण्याची जबाबदारी शासनाने उचलली. या कराराला माझा विरोध नाही. चंद्रपूरच्या एखाद्या परिचारिकेला स्टुटगार्टच्या रुग्णालयात मानाची नोकरी मिळत असेल तर ती तिने जरूर घ्यावी. पण या व्यवहारात एक शहाणपण आहे, तेवढे आपण उचलावे. रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलता न येणाऱ्या परिचारिकेला जर्मन माणूस अपुरी समजतो. म्हणून तिथे भाषेची परीक्षा आहे, तिच्या पायऱ्या आहेत आणि तिचे प्रमाणपत्र आहे. मग एटापल्लीच्या दवाखान्यात माडिया न येणारी परिचारिका, डॉक्टर किंवा औषधनिर्माता आपल्याला अपुरा का वाटत नाही? जर्मन रुग्णाला त्याची भाषा हा हक्क आणि माडिया रुग्णाला तीच गोष्ट उपकार, हा न्याय कुठला?

गोंडीच्या जोरावर आंतरराष्ट्रीय करिअर होत नाही, असे कोणी म्हणेल. इतिहास तसे सांगत नाही. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात राज गोंडांमध्ये राहिले, निजामाच्या राजवटीत मारलावाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षणकेंद्र उभे करण्यात पुढे होते, आणि पुढे लंडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. व्हेरियर एल्विन यांनी बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावर १९४७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यांचे नाव जगभर झाले. आपले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानात अधिकारी असताना गोंडी शिकले, तिचे व्याकरण त्यांनी लिहिले. तेव्हा गोंडी ही आंतरराष्ट्रीय भांडवल होऊ शकते, हे जवळजवळ ऐंशी वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले आहे. सिद्ध व्हायचे राहिले आहे ते इतकेच की ज्याची ती मातृभाषा आहे, त्यालाही ते भांडवल वापरता यावे. ज्याने ती शिकली तो विद्वान झाला; ज्याने ती शिकवली, तो ‘माहिती सांगणारा’ राहिला.

गडचिरोलीच्या मातीतून जगापर्यंत गेलेले काम पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली इथे आले. स्त्रियांच्या आजारांवरचा त्यांचा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली तर नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटतात, हे १९९९ साली त्याच नियतकालिकात जगाने वाचले. या संशोधनाचा पाया कोणता? बाईने आपले दुखणे आपल्या शब्दांत सांगणे आणि ते कोणीतरी नेमके समजून घेणे. बाळ दगावल्यावर आईच्या तोंडून लक्षणे ऐकून मृत्यूचे कारण ठरवण्याची जी पद्धत आहे, ती तर संपूर्णपणे शब्दांवरच उभी आहे. ‘धाप’ म्हणजे काय, ‘डब्बा’ म्हणजे काय, हे न कळणाऱ्याच्या हातात कितीही चांगली प्रश्नावली दिली तरी ती कोरीच राहते. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनाही आधी माडिया शिकावी लागली. औषध नंतर, भाषा आधी.

आता यंत्रांचे युग आहे, तर यंत्रांचेही पाहू. गोंडीची मसराम लिपी २०१७ साली आणि गुंजाळा लिपी २०१८ साली युनिकोडमध्ये आली. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ साली ‘आदि वाणी’ हे अनुवादाचे साधन आणले. त्यात सुरुवातीला घेतलेल्या चार भाषांत गोंडी आहे, पण ती छत्तीसगडची म्हणून. गडचिरोलीची माडिया त्या यंत्राला कोण शिकवणार? त्यासाठी वाक्ये गोळा करणारे, तपासणारे, दोन्ही भाषांत सराईत असलेले लोक लागतात. हे काम जगभर पैसे देऊन करवून घेतले जाते. ते करू शकणारी मुले आपल्याकडे आहेत आणि आपण त्यांना सांगतो आहोत की ‘थोडी इंग्रजी’ सुधारा, बाकीचे विसरा.

गोंडीची किंमत महाराष्ट्रात कोणालाच कळली नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. दोघांना ती पुरेपूर कळली. १९८० च्या सुमारास गोदावरी ओलांडून आलेल्या नक्षलवाद्यांनी सर्वप्रथम काय केले असेल तर लोकांची भाषा आत्मसात केली. सभा गोंडीत, गाणी गोंडीत. दुसरे पोलीस. १९९० साली ‘सी-६०’ हे पथक उभे राहिले, त्यात स्थानिक तरुण घेतले गेले ते जंगल ठाऊक आहे आणि भाषा येते म्हणूनच. म्हणजे चाळीस वर्षे या भाषेला रोख भाव देणारे ठळक मालक दोन, आणि दोघांच्याही हातात बंदूक. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण बंदुकीची बाजारपेठ ओसरत असताना दवाखाना, न्यायालय, शाळा, बँक, वनविभाग आणि सुरजागडची लोहखाण यांपैकी कोण या भाषेला पद आणि पगार देणार आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

‘हे सगळे ठीक, पण पोट इंग्रजीनेच भरते’, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. माडिया मुलाला इंग्रजी मिळालीच पाहिजे, उत्तम मिळाली पाहिजे. त्याला गोंडीत कोंडून ठेवा आणि आपण मात्र मुले इंग्रजी शाळेत घाला, असल्या संस्कृतिरक्षणाचा मला तिटकारा आहे. प्रश्न इंग्रजी की गोंडी असा नाहीच. इंग्रजी येणारे उमेदवार जगात कोट्यवधी आहेत. त्या गर्दीत धानोऱ्याचा मुलगा कायम शेवटचा राहणार. माडिया, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही येणारे मात्र मोजकेच, आणि त्यांत तो पहिला असू शकतो. त्याला त्याची पहिली भाषा लपवायला सांगणे म्हणजे ज्या एका गोष्टीत त्याला स्पर्धक नाही, तीच फेकून द्यायला लावणे होय. हा व्यवहाराचा सल्ला म्हणूनसुद्धा मूर्खपणाचा आहे.

आणि आता आपल्याविषयी, म्हणजे मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांविषयी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा घाट घातला गेला, तेव्हा ‘लहान मुलावर परकी भाषा लादू नका’ असे आपण ठणकावून सांगितले, आणि जूनअखेरीस शासनाला ते निर्णय मागे घ्यावे लागले. युक्तिवाद बरोबरच होता. पण माडिया मुलाच्या पहिलीच्या वर्गात ती परकी भाषा म्हणजे मराठीच, हे त्या गदारोळात किती जणांना आठवले? धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. २०२२ साली शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली. मातृभाषेतून शिक्षणाचा कैवार घेणाऱ्या आपल्या व्यासपीठांवरून त्या गावासाठी किती ठराव झाले? इंग्रजीने आपल्याशी जे केले, तेच आपण गोंडीशी करतो आहोत, आणि आपल्याला त्याची गंधवार्ताही नाही. ज्या चांद्यात १७५१ पर्यंत गोंड राजे राज्य करीत होते, तिथल्या कचेरीत आज त्यांच्या प्रजेची भाषा बोलणारा माणूस अडाणी ठरतो.

२०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे एकोणतीस लाखांवर होते. माडियाही त्यातच मोजली जाते. कोकणी, डोगरी, मणिपुरी आणि बोडो यांपैकी प्रत्येकीपेक्षा ही संख्या मोठी. या चौघी आठव्या अनुसूचीत आहेत, पंचवीस हजारांहून कमी लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली संस्कृतही आहे. गोंडी नाही. अनुसूचीचा निर्णय दिल्लीत होईल तेव्हा होवो. पण काही गोष्टी गडचिरोलीतच होऊ शकतात. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने जर्मनसारखीच पायऱ्यापायऱ्यांची गोंडी-माडियाची परीक्षा घ्यावी आणि बाहेरही मानले जाईल असे प्रमाणपत्र द्यावे. ग्रामीण रुग्णालयांत आणि न्यायालयांत दुभाष्याचे पद मंजूर व्हावे. आज हे काम नातेवाईक, शिपाई किंवा शेजारी फुकट करतात. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत नेमणूक घेणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला स्थानिक भाषेची परीक्षा सक्तीची असावी आणि तिच्यासाठी त्याला शिकवणाऱ्या गावकऱ्याला मानधन मिळावे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ते २०३२ हे आदिम भाषांचे दशक म्हणून जाहीर केले आहे. त्याची चर्चासत्रे जिनिव्हात होतील, पॅरिसमध्ये होतील. तिथे गोंडीविषयी बोलायला कोणीतरी जाईलच. तो माणूस पुन्हा एकदा गोंडी शिकलेला पाहुणा असेल की ‘अवगत भाषा’च्या रकान्यात सर्वांत वर निःसंकोचपणे ‘माडिया’ लिहिणारा भामरागडचा पदवीधर, हे ठरवणे अजून आपल्या हातात आहे.