कंपवाताची चाचणी कॅमेऱ्यासमोर

अंगठा आणि तर्जनी १० वेळा, जमेल तितक्या वेगाने, पूर्ण उघडून एकमेकांना टेकवा, असे डॉक्टर कंपवाताच्या रुग्णाला सांगतात आणि नुसत्या नजरेने ० ते ४ गुण देतात. एकाच हाताला दोन डॉक्टर वेगळे गुण देतात, हेही नवे नाही.

इथे कॅमेरा कामाला येतो. गुगलने २०१९ मध्ये खुली केलेली हात ओळखणारी ‘मीडियापाइप’ प्रणाली आधी तळवा शोधते, मग हातावरचे २१ बिंदू टिपते. त्याला साधा मोबाइल पुरतो. दोन टोकांमधले अंतर मोजत गेले की हाताचे थबकणे आणि टिचकीगणिक आखूड होत जाणारी हालचाल आलेखात उमटते.

मात्र अंधाऱ्या ओपीडीत बोटे पुसट येतात, एक बोट दुसऱ्याआड गेले की बिंदू अंदाजाने बसतो. संधिवाताने आखडलेले बोटही कॅमेऱ्याला मंदच दिसणार. मनगटाचा ताठरपणा तर हात हातात घेतल्याशिवाय कळत नाही. म्हणून निदान त्यावर सोडू नये. त्याच रुग्णाला औषधाचा गुण येतो का, हे पाहायला ते उपयोगी. तिथेही गोळी घेऊन किती वेळ झाला, ही नोंद हवीच. ती नसेल तर गोळीचा असर उतरला म्हणून मंदावलेला हात आजार वाढल्यासारखा दिसेल आणि विनाकारण डोस वाढेल.