एका तारेवर दोन पडदे, आणि खोक्यावर न लिहिलेली गोष्ट

आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत गेल्या वर्षी दोन मॉनिटर आले. पैसे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी जमवले. कुणी पाचशे दिले, कुणी दोन हजार. एक जण रिक्षा चालवतो, त्याने तीन हप्त्यांत दिले. असा पैसा हातात आला की झोप लागत नाही, कारण तो आपला नसतो, अमानत असते. आणि या अमानतीतून घेतलेली वस्तू केवळ माझ्या अज्ञानापायी पंधरा दिवस कपड्याखाली झाकून ठेवावी लागली. आजचा लेख त्याविषयी आहे. विषय तांत्रिक वाटेल, पण शेवटी तो पैशाचा आणि भाषेचा आहे, म्हणून जरा धीराने वाचा.

आधी गरज काय होती ते सांगतो. उर्दू माध्यमातल्या मुलांना मराठीचा पेपर जड जातो. त्यांच्यासाठी आम्ही सरावाच्या पुस्तिका तयार करतो. एका बाजूला बालभारतीचं मराठी पुस्तक उघडं हवं, दुसऱ्या बाजूला उर्दू मजकूर, आणि समोर आपण टाइप करत असलेलं पान. उर्दू उजवीकडून डावीकडे धावते, मराठी डावीकडून उजवीकडे. दोन्ही एकाच ओळीत आल्या की कर्सर भलतीकडे उडी मारतो, कंस उलटे होतात. शिवाय नस्तालीकची अक्षरं तिरकी उतरत जातात. ती बारीक केली तर नुक्ते एकमेकांत मिसळतात आणि ‘बे’ आहे की ‘पे’ हे कळत नाही. चौदा इंची लॅपटॉपवर हे सगळं करणं म्हणजे एका पाटावर तिघांनी जेवायला बसणं.

लॅपटॉपला पोर्ट दोनच. एचडीएमआयचं पोर्ट छतावरच्या प्रोजेक्टरला कायमचं दिलेलं. उरलं एक यूएसबी-सी. एकाच पोर्टवरून दोन मॉनिटर चालवता येतात, पहिल्याची तार दुसऱ्याला जोडायची, हे कुठेतरी वाचलं होतं. त्याला ‘डेझी चेन’ म्हणतात. इंग्रजी मुलं डेझीच्या फुलांचे देठ एकमेकांत ओवून माळ करतात, त्यावरून हा शब्द आला. मला मात्र आपला ‘सिलसिला’ आठवला. या अरबी शब्दाचा मूळ अर्थच साखळी.

दुकानात विचारलं, तर उत्तर मिळालं, “सर, आजकाल सगळं युनिव्हर्सल आहे. कुठलंही घ्या, चालतं.” मीही विश्वास ठेवला. दोन एकसारखे मॉनिटर, दोन तारा, रिक्षाने घरी. पहिला पडदा लगेच उजळला. दुसरीकडे नेण्यासाठी तार हातात घेतली, तर ती पहिल्या मॉनिटरला लावायची कुठे हेच कळेना. एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट, संपलं. रिकाम्या एचडीएमआयमधून दुसऱ्याच्या एचडीएमआयमध्ये तार टाकून पाहिली. पडदा काळाच. अभ्यासिकेचे चाचा म्हणाले, “सर, फ्यूज गया क्या?” फ्यूज माझाच गेला होता.

उलगडा केला माझ्याच एका विद्यार्थिनीने. ती आता डिप्लोमाला आहे. तिने मॉनिटर उलटा करून पाठ पाहिली आणि म्हणाली, “सर, याला आत यायचं दार आहे, बाहेर जायचं दारच नाही.”

इतकी साधी गोष्ट. साखळी करायची तर पहिल्या मॉनिटरला चित्र आत घेणारं पोर्ट हवं आणि पुढे पाठवणारंही हवं. त्यावर ‘डीपी आउट’ असं लिहिलेलं असतं. एचडीएमआयमध्ये अशी साखळी होत नाही. मॉनिटरचं एचडीएमआय फक्त घेतं, पुढे देत नाही. पण एक दिलासा असा की शेवटच्या मॉनिटरला बाहेरचं दार लागत नाही, कारण त्याच्यापुढे कुणी नसतं. म्हणजे दोन्ही मॉनिटर महागडे घ्यायची गरज नव्हती. एक ‘आउट’वाला, एक साधा, एवढं पुरेसं होतं. दुकानदाराने फरकाची रक्कम घेऊन एक मॉनिटर बदलून दिला. तो फरक मी माझ्या खिशातून भरला, कारण चूक माझी होती.

नवा मॉनिटर आला, तारा जोडल्या, आणि दोन्ही पडद्यांवर एकच चित्र! हेही तिनेच सोडवलं. एका तारेतून दोन वेगवेगळी चित्रं पाठवण्याच्या सोयीचं नाव एमएसटी, म्हणजे मल्टी-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट. ती डिस्प्लेपोर्ट १.२ या आवृत्तीबरोबर, २०१० च्या सुमारास आली. आमच्या मॉनिटरमध्ये ती बंद होती. पडद्याच्या कडेला असलेल्या बटणांनी मेनू उघडून ती चालू करावी लागते. पहिल्या मॉनिटरवर चालू आणि शेवटच्यावर बंद. मग विंडोजची कळ आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘एक्सटेंड’ निवडायचं. डावीकडे मराठी, उजवीकडे उर्दू, मध्ये लॅपटॉप. चाचांनी ‘माशाअल्लाह’ म्हटलं आणि चहा आणला.

ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी आणखी काही गोष्टी सांगतो, म्हणजे माझी ठेच तुमच्या उपयोगी पडेल.

एक, तार एकच असते आणि तिच्यातून जाणारी माहिती सगळ्या पडद्यांत वाटली जाते. मोहल्ल्याच्या नळाची पाइपलाइन जशी, पहिल्याने किती घेतलं त्यावर शेवटच्याचं भांडं भरतं. डिस्प्लेपोर्ट १.२ मधून सेकंदाला सुमारे १७ गिगाबिट चित्र जाऊ शकतं. १९२० बाय १०८० चा साधा फुल एचडी पडदा सेकंदाला ६० चित्रांच्या वेगाने चालवायला सव्वातीन ते साडेतीन गिगाबिट लागतात. म्हणून असे दोन-तीन पडदे आरामात चालतात. ४के पडदा मात्र एकटाच साडेबारा-तेरा गिगाबिट खातो. त्यामुळे दोन ४के पडद्यांना १.२ पुरत नाही. त्यासाठी २०१६ ची १.४ किंवा तिच्या पुढची आवृत्ती लॅपटॉपमध्येही हवी आणि मॉनिटरमध्येही. अक्षरांच्या कामाला दोन फुल एचडी पडदे भरपूर झाले.

दोन, यूएसबी-सीचं पोर्ट दिसलं म्हणजे त्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही. काही लॅपटॉपमध्ये ते फक्त चार्जिंग आणि फायलींसाठी असतं. चित्रासाठी ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ किंवा थंडरबोल्ट हवं. पोर्टशेजारी ‘डी’ आणि ‘पी’ जोडून केलेलं डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा विजेची खूण आहे का ते पाहा. तिथे खूण नसेल तर त्या मॉडेलचं माहितीपत्रक वाचूनच पैसे द्या.

तीन, मॅकबुक असेल तर सावध राहा. मॅकओएस एमएसटीच्या साखळीत वेगवेगळी चित्रं देत नाही, सगळीकडे एकच चित्र दिसतं. तिथे थंडरबोल्टचे मॉनिटर लागतात, आणि ते स्वस्त नसतात.

चार, लॅपटॉपला दोन मोकळी पोर्टं असतील तर साखळीच्या नादाला लागूच नका. एक मॉनिटर एचडीएमआयला, दुसरा यूएसबी-सीला, साधे मॉनिटर, कमी खर्च. साखळी ही एकच पोर्ट शिल्लक असलेल्यांची सोय आहे.

आता माझं म्हणणं. हे सारं ज्ञान अवघड नाही. वर मी जे लिहिलं ते दहावीच्या मुलाला एका तासात शिकवता येईल. मग मला ते दुकानात का मिळालं नाही? खोक्यावर का नव्हतं? खोक्यावर रंग किती कोटी, कडा किती बारीक, खेळांसाठी किती वेगवान, हे सगळं ठळक होतं. चित्र पुढे पाठवता येतं की नाही, हे एका ओळीत सांगण्यासारखं असूनही कुठेच नव्हतं. यूएसबी-सी २०१४ साली आलं. एकच आकार, कसंही उलटंसुलटं लावा, ही त्याची मोठी सोय, आणि ती मला मान्य आहे. पण आकार एक करताना आतली क्षमता ऐच्छिक ठेवली. जुन्या काळी पोर्ट वेगळं दिसायचं, म्हणून निदान चूक डोळ्यांना कळायची. आता सगळी दारं सारखी दिसतात आणि आत काय आहे ते फक्त जाणकाराला ठाऊक. हा फरक ओळखण्याचं ओझं उत्पादकाने ग्राहकावर टाकलं आहे, आणि ते सर्वांत जड पडतं ज्याच्याकडे इंग्रजी कमी आणि पैसा मोजका त्याला.

कुणी म्हणेल, विकत घेणाऱ्याने चौकशी करावी. खरं आहे, आणि मी नीट केली नाही हे वर कबूल केलं आहे. पण चौकशी करायला आधी प्रश्नाचे शब्द माहीत असावे लागतात. ‘एमएसटी’ आणि ‘डीपी आउट’ हे दोन शब्द माझ्याकडे असते तर दुकानदाराचं ‘सगळं चालतं’ तिथेच अडलं असतं. मी बीएड झालेला माणूस, वीस-बावीस वर्षं शिकवतोय, तरी हे शब्द माझ्यापर्यंत पोहोचले नव्हते. मग त्या रिक्षावाल्या विद्यार्थ्याने उद्या आपल्या मुलासाठी मॉनिटर घेताना काय करायचं?

म्हणून दोन गोष्टी मागतो. पहिली उत्पादकांकडे. प्रत्येक पोर्ट काय करतं याचा छोटा तक्ता खोक्यावर छापा, भारतीय भाषांत छापला तर आणखी उत्तम. दुसरी आपल्याच लोकांकडे. शाळा, मदरसे, अभ्यासिका, वाचनालयं खरेदीच्या यादीत ‘२२ इंची मॉनिटर, नग दोन’ एवढंच लिहितात. त्यापुढे एक ओळ वाढवा: कोणत्या लॅपटॉपला, कोणत्या पोर्टवरून, किती पडदे. आणि दुकानातून निघण्यापूर्वी आपला लॅपटॉप नेऊन तिथेच जोडून पाहा. लाजू नका. भाजीवाल्याकडे आपण भेंडी मोडून पाहतोच ना!

आमच्या दोन भाषांवर आपण भावनेने खूप बोलतो. मुशायरे होतात, भाषा दिन साजरे होतात. पण तार कुठे लावायची हे ज्या भाषेत कुणी सांगत नाही, ती भाषा मुलं हळूहळू घरात ठेवून बाहेर पडतात. म्हणून त्या विद्यार्थिनीला मी एक काम दिलं आहे. अभ्यासिकेच्या भिंतीवर, मॉनिटरच्या मागे, तिने एक कागद चिकटवला आहे. कोणती तार कुठून कुठे, मेनूत काय चालू, काय बंद. डाव्या अर्ध्यात मराठी, उजव्या अर्ध्यात उर्दू. गेल्या आठवड्यात सफाईच्या वेळी सगळ्या तारा निघाल्या. चाचांनी तो कागद वाचून त्या परत लावल्या. मला फोनही केला नाही.