पाण्यांतील अदृश्य औषधें

भिवंडीकर पाण्याची परीक्षा डोळ्यांनीं करितो, आणि त्यांत नवल नाहीं. जेथें सुतास रंग चढतो तेथें नाल्याच्या रंगावरून कामवारी नदीचें दुखणें ओळखण्याची संवय जडते. परंतु ज्यास रंग, वास वा चव नाहीं अशा मळाचें काय? कित्येक गोळ्यांचा कांहीं अंश शरीरांतून जसाच्या तसा सांडपाण्यांत जातो. उरलेल्या गोळ्या आपण मोरींत टाकितों. उकळल्यानें जंतु मरतात, तुरटीनें गाळ बसतो. औषध बहुधा राहतेंच.

तें शोधावें कसें? लिटरमागें एक नॅनोग्रॅम म्हणजे शंभर कोटि लिटरांत एक ग्रॅम! येथें उपयोगी पडतो तो आमच्या गांवास जवळचा वाटेल असा एक धागा. कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठाचे प्राध्यापक यानुश पावलिशिन यांनीं १९९० च्या सुमारास ही सूक्ष्म-निष्कर्षणाची रीत काढिली. लेप दिलेला बारीक कांचतंतु पाण्यांत बुडविला म्हणजे विखुरलेलें द्रव्य लेपांत गोळा होतें. मग त्याचें वर्णलेखन, म्हणजे क्रोमॅटोग्राफी, करितात. हें नांव रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेट याचें. त्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं खडूच्या भुकटीनें भरलेल्या नळींतून पानांचा अर्क सोडून हिरवे-पिवळे पट्टे निराळे केले. (विद्यार्थ्यांनीं टीपकागदावर शाईचा थेंब टाकून ही गंमत पाहावी.) औषधांचे पट्टे डोळ्यांस दिसत नाहींत, तीं यंत्रानें रेणूच्या वस्तुमानावरून ओळखावीं लागतात.

हैदराबादजवळ पतनचेरु येथें औषध-कारखान्यांचें सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागें ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. अशा पाण्यांत तगतात ते जंतु त्या औषधास दाद न देणारेच. कोणी म्हणेल, भिवंडी हें मागांचें गांव, औषधांचें नव्हे. मान्य, पण ताप मागवाल्यासहि येतो, आणि त्याची गोळी अखेर नाल्यांतच उतरते.

केंद्र सरकारनें जानेवारी २०२० मध्यें औषध-कारखान्यांच्या सांडपाण्यांतील प्रतिजैविकांस मर्यादा घालणारा मसुदा काढिला. २०२१ च्या अंतिम नियमांतून त्या मर्यादा गळल्या. आमच्या मतें हें गैर झालें. मोजतां येत नाहीं, ही सबब तर आतां उरलीच नाहीं. त्या मर्यादा पुन्हां घालाव्या. आमच्या महानगरपालिकेनेंहि पावसाळ्यापूर्वीं व नंतर कामवारीचें पाणी मुंबईच्या एखाद्या प्रयोगशाळेकडे पाठवावें, आणि आलेले आंकडे, बरे असोत वा वाईट, मराठींत व उर्दूंत चौकांतील फलकावर लावावे.