भंगारात काढण्याआधी स्कोप उघडा

रायगॉल या चिनी कंपनीचा डीएस-१०५२ई ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचे संकेत पडद्यावर दाखवणारं यंत्र, २०१०च्या सुमारास हौशी तंत्रज्ञांनी उघडला आणि कंपनीचं बिंग फुटलं. ५० मेगाहर्ट्झचा हा स्वस्त स्कोप आणि १०० मेगाहर्ट्झचा महागडा डीएस-११०२ई आतून जवळपास एकच! आधी कुणी सर्किटमधले कपॅसिटर काढून पाहिले. मग कळलं, तेवढाही खटाटोप नको, सॉफ्टवेअरमधला मॉडेल क्रमांक बदलला की काम भागतं. गंमत म्हणजे कंपनीही धुतल्या तांदळासारखी नव्हती. सिग्नलचे आकडे करणाऱ्या, सेकंदाला ४० मेगासॅम्पलच्या दर्जाच्या एडीसी चिप तिने बिनदिक्कत १०० वर पळवल्या होत्या.

बँडविड्थ दुप्पट झाली की ७ नॅनोसेकंदांऐवजी ३.५ नॅनोसेकंदांत चढणारी कड दिसते. जलद डिजिटल सर्किटमधला दोष शोधणाऱ्याला हा फरक मोठा आहे.

वऱ्हाडात यंत्र उघडून समजून घेण्याची ही विद्या शिकायला जागा आहेत. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४चं, बडनेऱ्याचं राम मेघे महाविद्यालय १९८३चं. अकोल्याजवळ बाभुळगावलाही अभियांत्रिकीचे वर्ग भरतात. पण कॉलेजांमध्ये सर्वसाधारण रीत अशी, की बिघडलेला स्कोप कपाटावर चढतो आणि डेड स्टॉक रजिस्टरमधून निर्लेखित होऊन थेट भंगारवाल्याकडे जातो. दरम्यान, मुलं तयार प्रोजेक्ट विकत आणतात.

२० मेगाहर्ट्झचा जुना अ‍ॅनालॉग स्कोप कितीही झटलात तरी शंभराचा होणार नाही, हे खरं. त्याचे अ‍ॅम्प्लिफायरच तेवढ्या दमाचे असतात. पण बिघडलेला स्कोप दुरुस्त करता येतो. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांपुढे जातो, आणि उष्णतेने इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर लवकर सुकतात. मग वीजपुरवठ्यातला १०० हर्ट्झचा रिपल वाढून पडद्यावरची रेषा थरथरू लागते. काही रुपयांचा नवा कपॅसिटर बसवला की ती पुन्हा स्थिर होते. हे ज्याने स्वतःच्या हाताने केलं, त्याला पॉवर सप्लायचं प्रकरण वेगळं शिकवावं लागत नाही.

मात्र पिक्चर ट्यूबला सुमारे २,००० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. जाणकार शिक्षक शेजारी हवाच. बदललेल्या यंत्राचं कॅलिब्रेशन पुन्हा करावं. तोवर त्याच्या आकड्यांवर अहवाल लिहू नये. आणि पैसे मोजून घ्यायच्या सुविधांच्या चोरट्या चाव्या वापरणं हा उद्योग कॉलेजने शिकवू नये.

विभागप्रमुखांनी निर्लेखनाच्या कागदावर सही करण्याआधी यंदा निदान एक स्कोप तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या टेबलावर ठेवावा.