माल आमचा, छाप कोणाची?



मृगाच्या तोंडावर आपण बियाण्याच्या दुकानात जातो तेव्हा काय पाहतो? पाकिटावरचे चित्र. खताचे पोते, फवारणीचे औषध, विहिरीवरचा पंप, सगळे आपण छाप पाहून घेतो. अक्षरओळख नसलेली म्हातारीसुद्धा नातवाला सांगते, "ती बैलाची छाप असलेलीच पुडी आण." त्या छापेसाठी आपण चार पैसे जास्तही मोजतो.

आणि विकताना? कापसाची गाडी जिनिंगच्या फाटकातून आत गेली की आपले नाव पुसले जाते. निवडून वेचलेला स्वच्छ कापूस आणि पावसात भिजलेली कवडी एकाच ढिगात पडते. ज्वारीचेही तेच. घेताना छाप, विकताना बिनछाप. आपल्या तोट्याच्या शेतीची अनेक कारणे आहेत, त्यातले हे एक कारण आपल्या हातातले आहे.

छाप म्हणजे शहरी लोकांचे चोचले, असे आपल्यातल्या पुष्कळांना वाटते. आम्हालाही वाटत असे. पण अमेरिकेतल्या कापूसवाल्यांची हकिकत ऐका. 1960 नंतर पॉलिस्टरने त्यांची बाजारपेठ खायला सुरुवात केली. 1966 साली तिथे कायदा झाला आणि शेतकऱ्यांनी गाठीमागे एक डॉलर प्रचारासाठी व संशोधनासाठी काढायला सुरुवात केली. त्या पैशातून 1973 साली एक चिन्ह तयार झाले. 'कॉटन' एवढा शब्द आणि त्याच्या मधल्या दोन अक्षरांतून वर उमललेले पांढरे बोंड. बस्स! सदरा विकत घेणारी बाई ते बोंड शोधू लागली. एकट्या चिन्हाने बाजार परत आला असे कोणी म्हणू नये. त्यामागे संशोधन होते, जाहिरात होती, आणि तिथल्या शेतकऱ्याला सरकारी अनुदानही भरपूर आहे. पण चिन्ह नसते तर तो सगळा खर्च कोणाच्या नावावर जमा झाला असता? गिरणीवाल्याच्या.

आपल्याकडे 7 ऑक्टोबर 2020 रोजी भारतीय कापसाला 'कस्तुरी' हे नाव आणि चिन्ह मिळाले. चांगले झाले. पण ही खूण लागते गाठीला, आणि गाठ बांधली जाते फाटकाच्या आत. कापूस विकून आपण तोवर घरी आलेलो असतो. खुणेमुळे मिळणारा जास्तीचा दाम फाटकाबाहेर येतो का, हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती ज्वारी साध्या पोत्यात भरून गेली, तर पुण्याच्या गिऱ्हाइकाने ती ओळखायची कशी?

आता गावोगाव शेतकऱ्यांचे गट आणि उत्पादक कंपन्या उभ्या राहत आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे. चिन्ह साधे ठेवा. सूर्य, नांगर, बैलजोडी, कणीस आणि वर अध्यक्षांचा फोटो, असे सगळे कोंबले की काहीच दिसत नाही. पत्र्याच्या साच्यातून एकाच रंगाने पोत्यावर मारता आले पाहिजे, आणि रस्त्याच्या पलीकडून ओळखू आले पाहिजे. दुसऱ्याच्या छापेसारखे तर मुळीच नको. त्यात फसवणूकही आहे आणि कोर्टाची पायरीही.

मग नोंदणी करा. 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली ती दहा वर्षे टिकते, पुढे वाढवता येते. ऑनलाइन अर्जाला मालाच्या एका वर्गासाठी लहान उद्योगाला 4,500 रुपये, इतरांना 9,000 रुपये फी आहे. पण नोंदणी गटाच्या नावाने करा, पुढाऱ्याच्या नाही. नाहीतर उद्या पुढारी जाईल आणि छापही घेऊन जाईल.

शेवटची गोष्ट सर्वांत कठीण. छाप गिऱ्हाइकाला माल ओळखायला शिकवते. माल वाईट निघाला तर तो टाळायलाही शिकवते. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारायचे, कवडी मध्ये दडवायची, सुतळीचे तुकडे तसेच जाऊ द्यायचे आणि वर सुंदर चिन्ह मारायचे, यापेक्षा बिनछाप राहिलेले बरे. एका घरच्या लबाडीने सबंध गावाची छाप बुडते. म्हणून आधी वेचणीची आणि प्रतवारीची शिस्त, मग छाप.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गटाने पोत्याच्या तुकड्यावर आपले चिन्ह काढून आणावे. भिंतीवर टांगू. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला जे ओळखता येईल, ते पास!