दया नव्हे, हक्क!

समाजवाद म्हणजे दिवाळखोरी, असे म्हणणाऱ्यांनी टॉमी डग्लस यांचे चरित्र अभ्यासावे. स्कॉटलंडहून कॅनडात आलेल्या या मुलाचा पाय एका शल्यविशारदाने विनामूल्य शस्त्रक्रिया केली म्हणून वाचला. उपचार असे दैवाधीन का असावेत? मंदीच्या काळात वेबर्न येथे बाप्टिस्ट धर्मोपदेशक असताना दानधर्माची मर्यादा ओळखून ते राजकारणात उतरले. १९४४ साली ते सस्कॅचेवान प्रांताचे प्रीमियर झाले आणि १९४७ मध्ये त्या कर्जबाजारी प्रांतात सार्वत्रिक रुग्णालय-विमा आला. १९६२ मध्ये, त्यांच्या पक्षाच्याच सरकारने आणलेल्या वैद्यकीय विम्याविरुद्ध डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. योजना टिकली, पुढे साऱ्या देशाने स्वीकारली. ‘आधी संपत्ती, मग आरोग्य’ हा युक्तिवाद म्हणूनच लबाडीचा आहे. कार्यकर्त्यांनी तो सभांसभांतून खोडून काढलाच पाहिजे.