स्लॉट मोजणाऱ्यांना उत्तर

महागड्या गेमिंग मदरबोर्डचे वकील नेहमी एकच युक्तिवाद करतात: पॉवर फेज जास्त, स्लॉट जास्त, म्हणून बोर्ड श्रेष्ठ. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटर दुकानांच्या काउंटरवर हे ऐकून आमच्या भाईंदरच्या गोडदेवची पोरं पन्नास-पन्नास हजार मोजून येतात. या युक्तिवादात तथ्य अजिबात नाही असं नाही. डीडीआर५ रॅमचे सिग्नल स्वच्छ ठेवायला जास्त थरांचा पीसीबी लागतो, तो महाग पडतो. जाड हीटसिंकही निव्वळ शोभेचे नसतात. पण हा झाला मालाचा दर्जा. मांडणीची परीक्षा वेगळी घ्यावी लागते.

स्लॉटचंच घ्या. एएमडीच्या एएम५ प्रोसेसरकडून चिपसेटचा वाटा वजा जाता २४ पीसीआयई लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, मिळतात. १६ ग्राफिक्स कार्डाला, ४ पहिल्या एम.२ एसएसडीला, उरल्या ४. एएमडीच्या एक्स८७०ई चिपसेटच्या बोर्डावर यूएसबी४ सक्तीचं, त्यामुळे बहुतेक वेळा या उरलेल्या चार लेनवर त्याचा आणि दुसऱ्या एम.२ चा एकदमच हक्क. इंटेलच्या झेड७९० वर पाचव्या पिढीचा एम.२ भरला की ग्राफिक्स कार्ड १६ वरून ८ लेनवर येतं. आमच्या गोडदेवच्या वन रूम किचनमध्ये कपाट उघडलं की मोरीचं दार उघडत नाही, त्यातलाच हा प्रकार. यावर उत्तर येतं की ८ लेनवर गेममध्ये फारसा फरक पडत नाही. खरं आहे, थोडाच पडतो. मग ज्या स्लॉटचे पैसे घेतलेत तो भरताना दुसऱ्याचा वाटा का कापावा लागतो, हे तरी सांगा.

रॅमचंही तसंच. रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन रॅमवर ५२००, चार भरल्या तर ३६००. ओव्हरक्लॉकिंगवाल्यांसाठीचे खास बोर्ड मुद्दाम दोनच रॅम स्लॉटचे असतात, आणि ते स्वस्त मुळीच नसतात.

‘एकदा कॅबिनेट बंद झालं की आत कोण बघतो?’ हा दुसरा बचाव. तो करणाऱ्याने पावसाळ्यात गोडदेवात येऊन राहावं. एका अंगाला खाडी, जवळ मिठागरं, चहूकडे बांधकामाची धूळ. पीसी चालू झाला नाही की इथला पहिला उपाय म्हणजे रॅम काढून खोडरबराने पुसणं. तेव्हा कळतं की टॉवर कूलरचा पंखा पहिल्या स्लॉटवर आडवा आलाय. एसएसडी बदलायची तर तीन-साडेतीन स्लॉट व्यापणारं कार्ड आधी उपटावं लागतं, आणि त्याची खिटी नेमकी कार्डाच्याच पोटाखाली. मग पट्टी नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर आत घालून ती चाचपायची. हात सटकला तर बोर्डावर चरा. असूसने २०२१ मध्ये झेड६९० बोर्डांवर ही खिटी सोडवायला रॅमच्या बाजूला बटण दिलं. मांडणीतली अक्कल म्हणतात ती ही. दिव्यांच्या झगमगाटापेक्षा मी त्या बटणाला जास्त मार्क देईन.

सगळे कनेक्टर मागच्या बाजूला नेणारे बोर्ड दिसायला देखणे खरे, पण त्यांना मागे तशीच भोकं असलेलं कॅबिनेट लागतं. जुनं कॅबिनेट ठेवणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य.

माझं म्हणणं सरळ आहे. बोर्ड रिकामा पाहून जोखू नका, भरलेला कल्पून जोखा. कार्ड बसल्यावर सीआर२०३२ बॅटरी झाकली जाते का, सीमॉस रीसेटचं बटण मागच्या पट्टीवर आहे का, वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या प्रोसेसरच्या आठ पिनांच्या पॉवर कनेक्टरची खिटी दाबायला हीटसिंकशेजारी बोट शिरतं का. दोन आकडी डीबग डिस्प्ले कार्डाबाहेर दिसतो का, हेही. या कसोटीवर मधल्या दराचे काही एएमडी बी८५० बोर्ड पन्नास हजारवाल्यांच्या पुढे निघतात. तिथे यूएसबी४ ची सक्ती नाही, म्हणून लेनची भांडणंही कमी. मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं. लेन कोण कोणाशी वाटून घेतं हे सांगणारी पानं भाईंदर ते ग्रँट रोड लोकलमध्ये, बसायला जागा नाही मिळाली तरी, सहज वाचून होतात.